बाहेरून टाचलेली पावती

२००४ च्या हिवाळ्यात न्यू जर्सीमधील एका मोठ्या मॉलमध्ये, कपडे आणि घरगुती वस्तू विकणाऱ्या एका दुकानात मी कामाला लागले. नाताळच्या गर्दीपुरती म्हणून घेतलेली मी पुढे जवळजवळ दहा वर्षे तिथेच राहिले. पहिल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात ‘चोरी’ हा शब्द फारसा कोणी उच्चारला नाही. पुन्हा पुन्हा कानावर पडला तो ‘ग्राहकसेवा’ हा शब्द. गिऱ्हाईक विभागात शिरले की हसून स्वागत करावे, काही हवे आहे का म्हणून विचारावे, थोड्या वेळाने पुन्हा विचारावे. कारण आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे हे कळलेला माणूस सहसा वस्तू उचलून खिशात घालत नाही, असे आम्हांला समजावण्यात आले. हे सगळ्यांच्या बाबतीत सारखेच करायचे होते आणि हाती दिलेल्या पुस्तिकेतही तसेच छापलेले होते.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ध्वनिक्षेपकावरून सूचना आली : ‘हातमोजे आणि स्कार्फ विभागात ग्राहकसेवेची गरज आहे.’ तो विभाग माझाच होता आणि मी तिथेच उभी होते, त्यामुळे क्षणभर मला काही उलगडेना. मी मान वर करून पाहिले. दोन शाळकरी गोऱ्या मुली स्कार्फ गळ्यात घालून आरशासमोर खिदळत होत्या, एक जोडपे किमतीच्या चिठ्ठ्या उलटून पाहत होते आणि हातमोज्यांच्या मांडणीपाशी साठीच्या पुढची एक कृष्णवर्णीय बाई उभी होती. ती चर्चमधून थेट आली असावी. अंगात जांभळा कोट, डोक्यावर त्याच रंगाची टोपी आणि हातात प्रार्थनेची घडी घातलेली पत्रिका. मी यांपैकी कोणाजवळ जाऊन उभे राहायचे, हे मला कोणी सांगितले नाही. सांगण्याची गरजही पडली नाही.

तिने कातड्याच्या हातमोज्यांची एक जोडी उचलली होती. मी शेजारी येताच तिने ती जागच्या जागी, जशी होती तशी नीट ठेवली, दोन्ही हात पोटाशी एकमेकांत गुंतवले आणि ती नुसत्या डोळ्यांनी पाहत पुढे सरकली. पुढची जोडी हवीशी वाटली तेव्हा तिने स्वतः हात लावला नाही. ‘तेवढी दाखवता का?’ असे मलाच विचारले. मी दाखवली. तिने माझ्या हातातच ती उलटसुलट करून पाहिली, शिवण तपासली, घ्यायचे ठरवले आणि रोख पैसे दिले. मी पावती पिशवीत टाकू लागले, तेव्हा तिने हात पुढे करून ती मागून घेतली आणि दारापर्यंतचे सगळे अंतर ती पावती बोटांत धरून चालत गेली. किती शिष्टाचाराची बाई आहे, असे तेव्हा माझ्या मनात आले होते. माझे तेव्हाचे अज्ञान किती होते ते यावरून कळावे.

गल्ल्यावर काम करणाऱ्या माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईने हे सगळे लांबून पाहिले होते. तीही कृष्णवर्णीय होती, माझ्या आईच्या वयाची होती आणि मी तिथे जाण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून त्या दुकानात होती. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन बसली आणि आवाज जराही न चढवता म्हणाली, “तू तिला काही विचारलं नाहीस. तू तिच्याबरोबर चाललीस.” मी काहीतरी सारवासारव केली असणार, काय बोलले ते आता आठवत नाही. तिने पुढे सांगितले ते मात्र शब्दन् शब्द आठवते. आपल्या दोन्ही मुलांना दुकानात नेण्यापूर्वी तिने काय काय शिकवले होते, ते ती सांगत होती : डोक्यावरची टोपी काढायची, हात खिशात घालायचे नाहीत, विकत घ्यायची नसलेली वस्तू हाताळायची नाही, पिशवी घेतल्याशिवाय वस्तू हातात धरून बाहेर पडायचे नाही, दोन रुपयांचा च्युइंगगम असला तरी पावती घ्यायची. ‘दोन रुपये’ हे माझे शब्द. ती सेंटांत बोलली होती. मुलाला सायकल शिकवावी, रस्ता ओलांडायला शिकवावे, तसे तिने त्यांना दुकानात वावरायला शिकवले होते.

अमेरिकेत या अनुभवाला ‘शॉपिंग व्हाइल ब्लॅक’ असे नाव आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला इंग्रजीत ‘ड्रायव्हिंग व्हाइल इंटॉक्सिकेटेड’ म्हणतात, त्याच धर्तीवर हा शब्दप्रयोग बेतलेला आहे. काळे असताना खरेदी करणे हाच जणू गुन्हा. १९ जुलै २०१३ रोजी बराक ओबामा व्हाइट हाउसमध्ये वार्ताहरांपुढे बोलताना म्हणाले होते की, दुकानात आपल्या मागून कोणी फिरत असल्याचा अनुभव आला नाही असे आफ्रिकन-अमेरिकन पुरुष या देशात फारच थोडे असतील आणि त्या अनुभवातून आपणही सुटलेलो नाही. त्याच वर्षी गॅलप संस्थेने केलेल्या पाहणीत २४ टक्के कृष्णवर्णीयांनी गेल्या ३० दिवसांत दुकानात आपल्याला अन्यायाची वागणूक मिळाल्याचे सांगितले. हा आकडा वाचताना माझे लक्ष ‘३० दिवस’ या शब्दांवर खिळून राहिले. प्रश्न आयुष्यभराचा नव्हता, एका महिन्याचा होता.

पावतीचे महत्त्व मला समजले ते मेरीलँडमधील एका प्रकरणामुळे. १९९५ साली फोर्ट वॉशिंग्टन येथील ‘एडी बाउअर’च्या दुकानात एक कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर गेला होता. अंगात त्याच दुकानातून आदल्या दिवशी विकत घेतलेला शर्ट होता. सुरक्षेचे काम करणाऱ्या पोलिसाने त्याला पावती मागितली. पावती घरी आहे असे त्याने सांगितल्यावर तो शर्ट त्याला तिथेच उतरवून ठेवायला लावण्यात आला आणि तो पोरगा आतल्या गंजीफ्रॉकवर घरी गेला. १९९७ साली ज्यूरीने त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना मिळून दहा लाख डॉलरची भरपाई देवविली. बेकायदा अडवून ठेवणे आणि बदनामी हे दोष मान्य झाले, परंतु नागरी हक्कांचा भंग झाला असे मात्र त्याच ज्यूरीला वाटले नाही. अंगावरचा कपडा आपलाच असल्याचा पुरावा आदल्या दिवशीच्या खरेदीनंतरही बाळगला पाहिजे, ही अपेक्षा मी आजवर कोणत्याही गोऱ्या गिऱ्हाइकाकडून झालेली पाहिलेली नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडूनही कोणी केलेली नाही.

पावती जवळ असूनही भागते असे नाही. १९९६ साली कॅन्ससमधील ओव्हरलँड पार्क येथे ‘डिलर्ड्स’ दुकानात एक कृष्णवर्णीय बाई आपल्या भाचीबरोबर लहान मुलाचे कपडे घ्यायला गेली. तिने पैसे दिले, पावती घेतली आणि खरेदीबरोबर मिळालेले कूपन देऊन अत्तराचा नमुना घेण्यासाठी ती सुगंधी वस्तूंच्या काउंटरपाशी उभी राहिली, तेवढ्यात बराच वेळ तिच्या मागावर असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्याने तिला अडवले, पिशवी रिकामी केली आणि एकेक वस्तू पावतीशी ताडून पाहिली. सर्व काही जुळले. ज्यूरीने तिला ११ लाख ५६ हजार डॉलर दिले आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. तो निर्णय ज्या कायद्यावर उभा आहे तो गुलामगिरी संपल्यानंतर लगेच, म्हणजे १८६६ साली झालेला आहे आणि त्यात प्रत्येकाला गोऱ्या नागरिकाप्रमाणेच करार करण्याचा हक्क दिलेला आहे. अत्तराचे कूपन हा खरेदीच्या कराराचाच एक भाग आहे आणि त्याचा लाभ घेण्यात अडथळा आणला गेला, म्हणून ती बाई जिंकली. तिच्यामागे नुसते फिरले असते, अडवले नसते, तर बहुधा तिच्या हाती काहीच लागले नसते. कारण केवळ पाळत ठेवल्याने करार मोडत नाही, असेच अमेरिकेतील अनेक संघीय न्यायालयांनी म्हटले आहे. ती जांभळ्या कोटातली बाई न्यायालयात गेली असती, तर त्या कायद्याने मला दोषी धरले नसते.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यात तरी याची तरतूद असेल, अशी माझी समजूत होती. त्या कायद्याच्या ज्या भागाने हॉटेले, उपाहारगृहे, पेट्रोलपंप, नाट्यगृहे आणि क्रीडांगणे सर्वांना खुली केली, त्या यादीत सामान्य किरकोळ दुकानांचे नाव नाही. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांचे स्वतःचे कायदे अधिक व्यापक आहेत, ही गोष्ट वेगळी. ही उणीव कळल्यावर मला ग्रीन्सबरोची आठवण झाली. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील त्या गावी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी ‘वूलवर्थ’च्या दुकानात फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले, ही घटना सर्वांना माहीत असते, परंतु बसण्यापूर्वी त्यांनी त्याच दुकानात टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू विकत घेतल्या होत्या आणि त्यांच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, ही बारीकशी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. एका काउंटरवर आमचे पैसे चालतात, मग दुसऱ्यावर का चालत नाहीत, हे त्यांना त्या पावत्या दाखवून विचारायचे होते. त्या काळी दक्षिणेकडील अनेक दुकानांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना टोपी किंवा कपडा अंगावर चढवून पाहू देत नसत. पायाचा आकार कागदावर काढून आणायचा आणि त्या मापाने बूट घ्यायचे. दुकानाला पैसे हवे होते आणि माणसाचा स्पर्श नको होता. ‘स्पर्श’ हा शब्द मराठीत लिहिताना हात अडखळतो, कारण त्याचा आपल्याकडचा इतिहास कोणाला सांगावा लागत नाही.

आणि माझ्या नजरेला जे शिकवावे लागले नाही, ते ती नजर आधीच कुठेतरी शिकलेली होती. माझ्या वडिलांचे कऱ्हाडला कापडाचे छोटे दुकान होते. अण्णा सचोटीचे व्यापारी होते. मापात खोट नाही, उधारीत कटकट नाही. पण दुकानाच्या पायरीवर पारधी बाया दिसल्या की ते गाद्यांवरून जरा पुढे सरकत आणि गड्याला म्हणत, “पाहुण्यांकडं बघ रे.” गडी लगेच तागे आत ओढून त्या बायांच्या शेजारी जाऊन उभा राही. त्या बाया खण किंवा एखादे लुगडे घेत, कनवटीचे पैसे मोजून देत आणि जात. कोणी कधी काही नेल्याचे मला आठवत नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून पुढे ज्या ज्या समाजांना जन्मतःच चोर ठरवले, त्यांत पारधी होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्याच्या जोखडातून ते मुक्त झाले, आणि तरीही कित्येक वर्षांनंतर आमच्या दुकानात गडी उठून उभा राहत होता. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले. ध्वनिक्षेपकावरची ‘ग्राहकसेवा’ आणि अण्णांचे ‘पाहुणे’ हे दोन्ही शब्द एकाच घरातले आहेत, हे मला कळायला सात समुद्र ओलांडावे लागले.

अमेरिकेत काउंटरच्या पलीकडे आज कितीतरी ठिकाणी आपल्यासारखी माणसे उभी आहेत : पेट्रोलपंपांवर, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांत, मद्याच्या दुकानांत. गुजराती जास्त, पंजाबी पुष्कळ, मराठी थोडे. घरगुती बैठकींमध्ये ‘त्या वस्तीत दुकान नको’, ‘त्या लोकांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं’ ही वाक्ये मी चहाच्या कपासारखी सहज पुढे केली जाताना ऐकली आहेत आणि अनेकदा गप्प बसले आहे. अशा वेळी मला लताशा हार्लिन्सची आठवण होते. १६ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील एका दुकानात ही १५ वर्षांची मुलगी १ डॉलर ७९ सेंटांची संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. ती रस चोरते आहे असे गल्ल्यावरच्या कोरियन स्थलांतरित बाईला वाटले, झटापट झाली, मुलीने बाटली काउंटरवर ठेवली आणि ती वळून जाऊ लागली, तेव्हा बाईने तिच्या डोक्यात मागून गोळी घातली. त्या मुलीच्या हातात दोन डॉलर होते. दुकानदार बाईवरचा मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध झाला, तरी तिला तुरुंगवास झाला नाही. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका, ४०० तास समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड एवढ्यावर ते प्रकरण संपले. ती दुकानदार बाई परदेशात राबून, भीत भीत दुकान चालवणारी होती, हे मला समजते. ती भीती मी माझ्या ओळखीच्या घरांतून पाहिलेली आहे. पण त्या भीतीला रंग कोठून आला, हा प्रश्न तिने आणि आपण स्वतःला विचारायला हवा होता.

दुकानदारांची बाजू मी पगार घेऊन सांभाळलेली आहे, त्यामुळे चोरी होते हे मला सांगावे लागत नाही. रिकामे हँगर आणि ट्रायल रूममध्ये कापून टाकलेल्या चिठ्ठ्या मी स्वतः गोळा केल्या आहेत. परंतु चोरी कोण करतो, याचा शोध जेव्हा जेव्हा नीट घेतला गेला, तेव्हा उत्तर वेगळे आले. अमेरिकेतील ४३ हजारांहून अधिक प्रौढांच्या एका मोठ्या आरोग्यविषयक पाहणीत सुमारे ११ टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी दुकानातून वस्तू उचलल्याचे सांगितले आणि त्यांत महाविद्यालयात शिकलेल्यांचे व बऱ्या उत्पन्नाच्या लोकांचे प्रमाण अधिक होते. शिवाय दुकानांच्या तुटीचा मोठा वाटा कर्मचाऱ्यांच्याच चोरीचा आणि हिशेबातील चुकांचा असतो, हे या व्यवसायाच्या स्वतःच्या पाहण्यांतही दिसते. ज्यांच्यामागे कोणी फिरतच नाही, त्यांची चोरी पकडली जात नाही. ज्यांच्यामागे दिवसभर माणूस असतो, त्यांच्यातलाच एखादा सापडतो आणि मग ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो का?’ असे म्हणायला सगळे मोकळे होतात. माझ्या विभागात त्या रविवारी संध्याकाळी दोन स्कार्फ कमी भरले. कोणी नेले ते मला माहीत नाही, कारण मी दुसरीकडेच पाहत होते.

हे माणसांच्या नजरेतून काढून यंत्राच्या हाती दिले तर न्याय होईल, अशी आशा काही काळ मलाही वाटत असे. ‘राइट एड’ या औषध दुकानांच्या साखळीने २०१२ ते २०२० या काळात शेकडो दुकानांत चेहरा ओळखणारे कॅमेरे वापरले. डिसेंबर २०२३ मध्ये संघीय व्यापार आयोगाने त्या कंपनीला पाच वर्षे हे तंत्र वापरण्यास मनाई केली. चुकीच्या ओळखी कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्तीतील दुकानांत अधिक होत होत्या, आणि अशाच एका चुकीपायी ११ वर्षांच्या एका मुलीला अडवून तिची झडती घेण्यात आली होती. कुलपांचीही तीच गोष्ट. ‘वॉलमार्ट’च्या काही दुकानांत कृष्णवर्णीय बायका वापरतात ती केसांची तेले आणि क्रीमे काचेच्या कुलूपबंद कपाटात असत आणि शेजारचे इतर शांपू उघड्या फळीवर असत. किल्ली आणणाऱ्या कर्मचाऱ्याची वाट पाहत उभे राहायचे, असा तो रिवाज जून २०२० मध्ये बंद झाला, तोही जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर देश रस्त्यावर उतरला तेव्हा.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या ‘बार्नीज’ दुकानाची बातमी आली. क्वीन्सच्या एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने साठवलेल्या पैशांतून ३४९ डॉलरचा पट्टा घेतला होता. बाहेर पडल्यावर साध्या वेशातील पोलिसांनी त्याला पकडले आणि एवढा महाग पट्टा तुला परवडलाच कसा, असे विचारले, अशी त्याची तक्रार होती. पुढच्या वर्षी दुकानाने राज्याच्या महाधिवक्त्यांशी ५ लाख २५ हजार डॉलरवर समझोता केला. आमच्या जेवणाच्या खोलीत ती बातमी सगळ्यांनी वाचली. त्या मुलाने नंतर तो पट्टा परत केला, हे मी माझ्या त्या ज्येष्ठ सहकारी बाईला सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, “मीसुद्धा परत केला असता. कपाट उघडलं की रोज तेच आठवलं असतं.”

तिच्या घरी मी एकदाच गेले होते. स्वयंपाकघरातल्या खणात महिन्याप्रमाणे लावलेली पाकिटे होती आणि प्रत्येकात पावत्या. हल्लीच्या पावत्यांवरची अक्षरे काही महिन्यांत उडून जातात, कोरा कागद तेवढा उरतो, म्हणून मोठ्या खरेदीचे फोटो ती फोनवर काढून ठेवू लागली होती. नातवाचे बूट, थोरल्या मुलाचा कोट, स्वतःचे घड्याळ.

२०१४ च्या वसंतात ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी तिने कर्मचाऱ्यांच्या सवलतीत स्वतःसाठी एक करड्या रंगाचा लोकरी कोट घेतला आणि बिल करायला मुद्दाम माझ्याकडे आली. मी कोटाची घडी घातली, मधे पातळ कागद घातला, पावती फाडली आणि पिशवीत टाकणार तोच तिने हात पुढे केला. मग स्वतःच गल्ल्याशेजारचा स्टेपलर उचलून तिने ती पावती पिशवीच्या बाहेरच्या बाजूला, अक्षरे वर येतील अशी टाचली. केक खाऊन झाला होता, सगळ्यांनी तिला मिठ्या मारल्या होत्या. दारावरचा सुरक्षारक्षक तिला अकरा वर्षांपासून ओळखत होता आणि त्याने तिच्यासाठी दार उघडून धरले होते. त्याला ‘गुड नाइट’ म्हणताना तिने पिशवी फिरवली आणि पावतीची बाजू त्याच्याकडे केली.